हळदूची पेटी

फुलवंताची पेटी तयार होती, पण रिकामी होती. आणि रिकामी पेटी मुलीच्या हातात द्यायची नाही, ही त्या घराची रीत होती.

भाईदासनं ती ओट्यावर उन्हात ठेवली होती. चांगला मुरलेला साग. झाकणावर पितळी तार ठोकून काढलेलं कपाशीचं फूल. आत फणीला एक कप्पा, मेणाला एक, कुंकवाच्या करंड्याला एक. जवसाचं तेल पाजून झालं होतं. झाकण एका बोटानं उचलावं आणि सोडलं की त्यानं आवाज न करता बसावं, इतकं काम नीट झालं होतं. भाईदास काही सुतार नव्हता. रनाळ्यात त्याची शेती होती. पण घरातली, भाऊबंदातली कोणतीही मुलगी लग्न होऊन निघाली की तिच्या हातात त्यानं केलेली पेटी असायचीच. सून घरात आली की तिलाही पेटी मिळायची. विकली मात्र त्यानं एकही नाही.

पेटी करायचा तो, आणि भरायची त्याची बायको तापीबाई. ती आपल्या पेटीतलं चिमूटभर कुंकू काढून नव्या करंड्यात घालायची. तिला ते तिच्या सासूनं दिलेलं होतं. जुन्यात नवं मिसळायचं आणि करंडा तळाला जाऊ द्यायचा नाही, असं ती करत आली होती. "मन्ह्या समद्या पोरीस्ना कपायवर एकच कुकू शे," असं ती म्हणायची.

तापीबाई मार्गशीर्षात गेली. आता वैशाख लागला होता, अखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, होऊन गेली होती. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून नातीचं, फुलवंताचं, लग्न खापर गावच्या मुलाशी घाईनं ठरलं होतं. हळद परवावर आली होती. अंगणात खाटा उलट्या टाकून त्यांवर शेवया वाळत घातल्या होत्या आणि सकाळपासून घरातल्या बाया त्याच कामाला लागल्या होत्या.

भाईदासची सून, फुलवंताची आई निर्मला सासऱ्याशी थेट बोलत नसे. बोलायचं ते ती भिकुबाईकडं तोंड करून बोले. भिकुबाई भाईदासची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला तेव्हापासून ती माहेरीच होती, आणि घरातले सगळे तिला फुई, म्हणजे आत्या, म्हणत.

"फुई," निर्मला पदर पुढं ओढून म्हणाली, "मामंजीस्ले सांगा ना, परवादिन हयद शे. मायनी पेटी काढतीन तं फुलवंताना करंडा भरी लेसुत."

"तो काय बहिरा शे? आठेच तं बठेल शे." भिकुबाईनं दाताला मशेरी लावता लावता मान वळवली. मशेरी ती ज्या डबीत ठेवी तीही भाईदासच्याच हातची होती, झाकण चिरलं म्हणून टाकून दिलेली. "भाईदास, ऐकं का रे? का मी परत सांगू?"

भाईदासनं ऐकलं होतं. तो पटाशी दगडावर घासत राहिला. काम संपलं होतं, तरी घासत राहिला.

मग जसोदा बोलली. ती त्याची एकुलती मुलगी, सारंगखेड्याला दिलेली. अखाजीला माहेरी आली होती आणि लग्नासाठी थांबली होती.

"मी तं म्हनस आबा, फुलवंताना करंडा भरा, आनि मंग पेटी माले द्या. मायनी मी एकलीच आंडेर. आंडेरले नही तं कोन्हले?"

निर्मलाचे शेवया पसरणारे हात थांबले. "फुई, अक्काले सांगा, पेटी घरनी शे. घरमाच ऱ्हाई. आनि मायले शेवटलं पानी कोन्ही पाजं, ते बी इचारा."

"माले टोमना मारस का वहिनी?"

"मी काय तुमन्हासंगे बोली ऱ्हायनू का? मी फुईसंगे बोली ऱ्हायनू."

"व्हय, व्हय," भिकुबाई म्हणाली. "दोन्हीसनं मन्हासंगे बोला. मी गावना पार शे. कोन्ही बी येवाव, कोन्ही बी बठाव."

एरवी यावर तिघीही हसल्या असत्या. आज कोणी हसलं नाही. अखाजीपासून हे असंच चाललं होतं. नणंद-भावजय एका ताटात जेवत आणि पेटीचा विषय निघाला की पाठ फिरवत.

"पेटी कोन्हलेच नही," भाईदास म्हणाला.

निर्मलाला ते बरं वाटलं. पेटी घरात राहिली म्हणजे घराचीच. ती हलकेच म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या फुई. कुकू कव्हय काढतीन ते इचारा."

"कुकू दुकानमाईन आना," भाईदास म्हणाला.

ओल्या शेवयांचा एक पेड निर्मलाच्या हातातून घसरून मातीत पडला, तो उचलायचंही तिला सुचलं नाही.

"दुकाननं?" जसोदा उठून उभी राहिली. "मन्ही पेटीमा मायनं कुकू, वहिनीनी पेटीमा मायनं कुकू. आनि हाई पोरनी काय करं हो आबा? ती काय रस्तावर सापडनी?"

"अक्का बरोबर बोली ऱ्हायनात," निर्मला म्हणाली. या वेळी तिला भिकुबाईची आठवण राहिली नाही. ती सरळ जसोदाशेजारी जाऊन उभी राहिली. "पेटी नका देऊ कोन्हले. पन चिमूटभर कुकू तं द्या."

भाईदासचा मुलगा नथ्थू मांडवाचे बांबू घेऊन आला होता. त्यानं ते दाराशी टेकवले. "काय व्हयनं?"

"तुन्हा बाप म्हनस कुकू इकत आना," भिकुबाई म्हणाली.

"आबा, असं कसं चाली?"

"खापरवालास्ले काय समजस, कुकू कोनतं ते."

"त्यास्ले नही समजाव. आमले समजस ना."

चौघं त्याच्याकडं पाहत होती. पाचवी फुलवंता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं लक्ष ओट्यावरच्या रिकाम्या पेटीकडं होतं, आणि तेच त्याला जास्त लागत होतं.

"माले म्हाईत शे," जसोदा एकाएकी म्हणाली. "माले म्हाईत शे तुम्ही असं काब्रं करी ऱ्हायनात. तुम्ही मन्हावर राग धरेल शे. मीच तुम्हाले थांबाडं ना! आजना दिन ऱ्हाई ज्या आबा, असं मीच म्हनं. म्हनीसन मायनी पेटी माले दखू बी देत नहीत."

इतक्या महिन्यांत ही गोष्ट घरात कोणी तोंडातून काढली नव्हती. नथ्थूनं खाली पाहिलं. निर्मलानं नणंदेचा दंड धरला.

"तसं नही," एवढंच म्हणायचं होतं भाईदासला. पण तसं नाही तर मग कसं, हे सांगावं लागलं असतं. त्यानं फुलवंताची पेटी उचलली, पटाशी उचलली आणि तो आत गेला. मागं जसोदा रडायला लागल्याचं त्याला ऐकू आलं.

आतल्या खोलीत, त्याच्या खाटेच्या उशाशी, तापीबाईच्या लुगड्यात गुंडाळलेली तिची पेटी होती. त्यानं ती बाहेर काढून समोर ठेवली.

ही त्याच्या हातची पहिली पेटी. हळदूची. हळदू सातपुड्यातलं झाड, त्याचं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं. आता ती पिवळी राहिली नव्हती. रोजच्या तेलाच्या हातांनी मधासारखी झाली होती. तारेचं फूल घासून अर्धं पुसलं गेलं होतं.

तो ती कोणाला देत नव्हता, कारण ती उघडतच नव्हती.

तापीबाईचं बारावं झालं आणि पाहुणे गेले, तेव्हा त्यानं पहिल्यांदा झाकणाला हात लावला. पेटी तिच्या हातात दिल्यापासून कधी लावला नव्हता. बाईच्या कुंकवाच्या पेटीला पुरुषानं हात लावायचा नसतो. त्यानं अंगठा घालून झाकण वर ओढलं, ते हललं नाही. पुढं ओढलं, मागं दाबलं. थंडीत लाकूड आखडलं असेल असं वाटलं म्हणून तो थांबला. थंडी गेली, होळी गेली, उन्हं तापली. पेटी तशीच. त्यात तिची फणी होती, फणीत तिचे केस असतील, तिच्या तेलाचा वास असेल. सगळं एका बोटाच्या अंतरावर होतं आणि त्याला मिळत नव्हतं. सगळ्या मुलींच्या पेट्या त्यानं स्वतः केल्या, त्या सगळ्या उघडतात, आणि हीच कशी उघडत नाही?

याचं उत्तर त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. ती रागावून गेली.

तो सारंगखेड्याच्या जत्रेला निघाला त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता. त्यानं विचारलं होतं, "जाऊ का?" ती म्हणाली, "जा. बैल तुम्हालेच दखना पडी." आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. जत्रा म्हणजे घोड्यांची, पण बैलही चांगले येत. बैल मिळाला. मुक्काम जसोदाकडं होता. निघायच्या दिवशी तो आणखी एक दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी बैल घेऊन गावाच्या शिवेत आला तर आपल्या ओट्यावर माणसं बसलेली दिसली, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

तेव्हापासून त्याच्या सकाळी बहिऱ्या झाल्या होत्या. पहाटे तो गोठ्यात बैलांना चारा टाकत असे तेव्हा घरातून एक आवाज यायचा. ठक. फक्त एकदा. त्याला वाटायचं, ती पेटी फळीवर ठेवते. त्या आवाजापाठोपाठ निर्मला आतून 'उनू', म्हणजे 'आले', अशी ओ द्यायची आणि थोड्या वेळानं सासू-सून हंडे घेऊन विहिरीला निघायच्या. तापीबाईचं कपाळ ताजं लाल असायचं. गोठ्यावरून जाताना ती म्हणायची, "उठनात का?" तो तर केव्हाचा उठलेला असे. तरी ती रोज विचारायची आणि तो रोज "हं" म्हणायचा. बस, एवढंच बोलणं. आता चारा टाकताना त्याचा हात त्या आवाजासाठी थांबायचा. आवाज यायचा नाही. मग बैल मान वर करून त्याच्याकडं पाहायचे.

बाहेर जसोदाचं रडणं थांबलं होतं. ते थांबलं म्हणून त्याला जास्त वाईट वाटलं.

त्यानं पटाशी घेतली. तिचं पातं झाकणाच्या फटीत टेकवलं. एक टोला दिला की झालं. बिजागरी तुटेल, कडेची ढलपी निघेल, कुंकू मिळेल. त्यानं हातोडी उचलली, पण मारवेना. पटाशी फटीतून काढली. परत टेकवली.

"आबा! हाई काय करी ऱ्हायनात?"

फुलवंता पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तांब्या तिनं तिथंच खाली ठेवला आणि पुढं येऊन पेटी त्याच्यापुढून ओढून घेतली.

"फोडी टाकतात का मोठी मायनी पेटी?"

"नही उघडत बाई," तो म्हणाला. घरात कोणाजवळ न बोललेलं ते असं सहज तोंडातून निघून गेलं. "पाच महिना व्हयनात. माले नही उघडत ती."

फुलवंतानं त्याच्याकडं पाहिलं. आधी तिला समजलं नाही. मग समजलं आणि तिचं तोंड हसण्यात आणि रडण्यात मधेच अडकलं.

"म्हनीसन तुम्ही कोन्हले देत नव्हतात?"

त्यानं मान हलवली.

"आनि तठे जसोदाफुई रडनी." ती खाली मांडी घालून बसली. पेटी डाव्या गुडघ्यावर तिरपी ठेवली. डाव्या हातानं खालून धरली, उजव्या तळव्याची टाच झाकणाच्या मागच्या कोपऱ्यावर हाणली.

ठक.

झाकण सुटलं. तिनं ते अंगठ्यानं वर केलं.

भाईदास जागचा हलला नाही. आवाज तोच होता. खोलीत, दिवसाउजेडी, त्याच्यासमोर.

"हाई तुले कोन्ही शिकाडं?"

"मोठी मायनी. मन्ही येनी घाले तव्हय मीच उघाडी देऊ." ती जरा थांबली. "समद्या बायास्ले येस. मायले येस, जसोदाफुईले येस. भिकुफुई कुकूले हात लावत नही, पन उघाडता तिले बी येस."

"मंग माले काब्रं कोन्ही सांगं नही?"

फुलवंता पेटीच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "ती सपथ घाले. तुम्हाले सांगानं नही म्हने."

"काय सांगानं नही?"

"का पेटी वाकडी शे."

त्यानं पेटी तिच्याकडून घेतली. कोनाड्यातला काटकोन पाहायचा गुण्या काढला आणि पेटीच्या कोपऱ्याला लावला. लाकूड आणि गुण्या यांच्यामध्ये गव्हाचा दाणा जाईल एवढी फट होती. दुसऱ्या कोपऱ्याला लावला. तिथं उलटं, लाकूड आत दाबलेलं. झाकण एका बाजूला पीळ खाऊन बसलं होतं. इतके महिने तो ती पेटी उशाशी घेऊन झोपत होता आणि गुण्या लावायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

छपन्याच्या, म्हणजे संवत १९५६ च्या, दुष्काळाचं साल होतं. शेतात काम नव्हतं म्हणून तो रेवजी सुताराच्या पडवीत जाऊन बसायचा. लग्नाचं पहिलं वर्ष. तापी अखाजीला माहेरी गेली होती. तिच्या माहेरी नदीकाठी निदान प्यायला पाणी होतं, म्हणून तिला तिकडंच ठेवून घेतली. ती येईल तेव्हा तिच्या हातात काहीतरी द्यायचं म्हणून त्यानं हळदूचा ओंडका घेतला. रेवजी म्हणाला होता, "वल्लं शे रे भाऊ, वरीसभर सुकू दे." वर्षभर! पावसाच्या तोंडाशी ती यायची होती. त्यानं ओल्या लाकडातच पेटी केली. ती आली त्या दिवशी पेटी सरळ होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. तिनं झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. म्हणाली, "चांगली जमनी." मग लाकूड वाळलं असेल आणि त्याला पीळ पडला असेल. पहिल्याच हिवाळ्यात पडला असेल.

नंतर कितीदा त्यानं म्हटलं, दे इकडं, तार नवी बसवतो, आरसा बदलतो. ती पेटी पदराखाली घ्यायची. "ऱ्हाऊ द्या. चांगली शे." त्याला वाटायचं, बायकांची माया असते वस्तूवर.

"ती अजून काय म्हने?" त्यानं विचारलं.

"ती म्हने, तेस्नी पहिली पेटी शे. तेस्ले वाटस ती बरोबर जमनी. वाटू द्या."

भाईदासनं पेटीत पाहिलं. फणी होती. फणीत दोन पांढरे केस होते आणि एक अर्धा काळा. मेणाच्या कप्प्यात तिच्या बोटाचा खळगा होता. झाकणाच्या वाकड्या कोपऱ्यालाही मेण चोळलेलं होतं, वर्षानुवर्षांचं, काळं आणि गुळगुळीत. तो वाकला. वास होता. तेलाचा, कुंकवाचा आणि खाली लाकडाचा. एक श्वास तो घेऊ शकला. दुसऱ्या श्वासात बाहेरच्या शेवयांचा वास मिसळला होता.

त्यानं झाकण लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

"आबा," फुलवंता म्हणाली, "मन्ही पेटी भलती सरय शे."

"मंग? वाकडी जोयजे का तुले?"

"एक बोटघाई उघडस. आवाजच येत नही तिन्हा."

"आवाज कसाले जोयजे?"

"मंग सासरे कसं समजी, मी उठनू म्हनीसन?" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. खापर काही फार लांब नव्हतं. पण लग्नानंतर ती या घरात पाहुणी होणार होती.

भाईदासनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात लाकडाच्या भुशानं भरलेला होता, तिच्या केसांत भुसा पडला.

"माले दखाड," तो म्हणाला. "कशी धरानी ते दखाड परत."

उघडी पेटी दोन्ही हातांत धरून तो अंगणात आला तेव्हा निर्मला आणि जसोदा एकाच खाटेवर पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. आधी भिकुबाईनं पाहिलं. तिची नजर पेटीवर गेली, मग त्याच्या मागं उभ्या फुलवंतावर.

"आखरी तुले समजनं," ती म्हणाली. "आम्हले वाटनं, तू वर जाशी तव्हयच ती तुले सांगी."

निर्मलानं पदर तोंडावर ओढला. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती हे कळायला भाईदासला क्षणभर लागलं.

"जसोदा, तुले बी म्हाईत व्हतं?"

"काय?" जसोदानं डोळे पुसले. मग तिनं पेटी उघडी पाहिली. "मायनी सपथ व्हती आबा. मन्हा लगीनना दिन तिनी माले बठाडीसन सांगं. तुन्हा बापनी केलेल समद्या पेट्या सरय शेतस, मन्हीच तेवढी वाकडी शे. म्हनीसन ती मन्ही शे."

नथ्थू बांबू धरून उभा होता. "कोनती पेटी वाकडी? माले कोन्ही सांगशात का?"

"तू बांबू गाड," भिकुबाई म्हणाली, आणि आता मात्र सगळ्यांना हसू फुटलं. भाईदासही हसला. मार्गशीर्षापासून तो पहिल्यांदाच हसला असावा, कारण निर्मलाचं हसू एकदम थांबलं आणि ती त्याच्याकडं पाहत राहिली.

तो खाटेच्या काठावर, जसोदाशेजारी बसला. कोपरीच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली. गोल आरसा होता, रुपयाहून थोडा मोठा.

"तू थांबाडं नही माले," तो म्हणाला. "तू 'ऱ्हाई ज्या' म्हने नसती तरी मी थांबतू. हाऊ माले त्या दिवशी भेटना नही. आरसावाला म्हने, सकाय या. तिन्हा झाकनना आरसा कायपट पडेल व्हता. दखात नव्हतं तिले." त्यानं आरसा तिच्यापुढं धरला. "तुले मी पहिलेच सांगाले जोयजे व्हतं."

जसोदानं आरसा घेतला नाही. तिनं त्याचा हातच आरशासकट धरून ठेवला. कागद चुरगळला.

"हाऊ तू लई जाय," तो म्हणाला. "पेटी आठे ऱ्हाऊ दे. मी शे तवलोंग."

"ऱ्हाऊ द्या आबा," ती म्हणाली.

फुलवंतानं आपली पेटी आणली. करंडा उघडून खाटेवर ठेवला. आता कुंकू घालायचं कोणी, हा प्रश्न होता. घालणारी सवाष्ण हवी, आणि दोघी सवाष्णी होत्या. एक आई, एक आत्या. निर्मलाचा हात पुढं आला होता. तो तिनं मागं घेतला.

"फुई," ती भिकुबाईकडं पाहून म्हणाली, "अक्काले सांगा, त्यास्नाच हातघाई भरू द्या. त्यास्ना हात मायसारखा शे."

"फुईले काय सांगस?" जसोदा म्हणाली. "मी आठे बठेल शे ना, माले सांग!"

"मंग भरा ना."

जसोदानं चिमूट भरली. थोडं कुंकू खाटेच्या सुतळीवर सांडलं. नव्या करंड्यात ते फारच थोडं दिसत होतं. भिकुबाई कुंकवापासून दोन हात लांब सरकली होती, पण तिथून मान लांब करून पाहत होती. "अजून घाल," ती म्हणाली. "कंजूस. तुन्ही माय अशी नव्हती."

लग्न झालं. खापरचं वऱ्हाड दुपारी निघालं. गाडीत बसताना फुलवंताच्या मांडीवर पेटी होती, आणि वेस ओलांडेपर्यंत ती वळून वळून पाहत होती. जसोदा त्या दिवशी निघाली नाही. "आजना दिन ऱ्हास," असं ती आपणहून म्हणाली. निर्मलानं तिच्यासाठी आणखी एक भाकरी थापली.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाईदास गोठ्यात गेला नाही. खाटेवर उठून बसला. पेटी डाव्या गुडघ्यावर तिरपी घेतली, खालून धरली. तळव्याची टाच मागच्या कोपऱ्यावर मारली. काही झालं नाही. पेटी जरा पुढं कलती केली, नातीनं दाखवली होती तशी. हात उचलला.

ठक.

झाकण सुटलं. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून निर्मलाचा आवाज आला, रोजचा, झोपेतला, हातात हंडा असल्यासारखा.

"उनू, माय!"

भाईदास पेटी गुडघ्यावर धरून बसून राहिला. पलीकडच्या खोलीत जसोदा जागी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. मग स्वयंपाकघरात हंडा खाली ठेवल्याचा आवाज झाला. बऱ्याच वेळानं निर्मलाची पावलं त्याच्या दाराशी येऊन थांबली. तिथं भिकुबाई नव्हती. कोणीच नव्हतं.

"उठनात का, मामंजी?" तिनं विचारलं.

"हं," तो म्हणाला.